अंजनवेलपर्यंत आलेली तार

आमच्या पिढीच्या रत्नागिरी जिल्ह्याला ‘मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा’ म्हणत असत, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत, गोदीत नाहीतर मिळेल त्या कामावर असे. त्याने पाठवलेल्या रकमेपेक्षा मनीऑर्डरच्या फॉर्मवर संदेशासाठी सोडलेली चिंचोळी जागाच घरी अधिक वेळा वाचली जाई. माझ्या वडिलांचे सारे पितृत्व त्या दोन ओळींत मावत असे. ‘थोरल्यास शाळेतून काढू नये. पाऊस लागला का ते कळवणे.’ आईला अक्षरओळख नव्हती. आधी पोस्टमन वाचून दाखवी, पुढे मी वाचू लागलो.

आपल्या वसतिगृहातही टपालाची हीच प्रतिष्ठा होती. सायंकाळच्या वंदनेनंतर गुरुजी पत्रांचा गठ्ठा घेऊन बसत आणि एकेक नाव पुकारत. ज्याचे नाव बरेच दिवस पुकारले जात नसे, तो मुलगा जेवणाच्या रांगेत आपोआप मागे सरके. माझ्या बरोबरीच्या माजी विद्यार्थ्यांना ती रांग आठवत असेल. पुढे १९७९ साली मी डाक-तार खात्यात लागलो, तेव्हा आईने विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘मनीऑर्डर तूच वाटणार का?’ मनीऑर्डर नव्हे, माझ्या वाट्याला तारा आल्या. आधी खांबांवरच्या, मग जमिनीखालच्या तांब्याच्या, आणि नोकरीच्या उत्तरार्धात काचेच्या. १९८५ साली टपाल आणि दूरसंचार ही खाती वेगळी झाली, गावोगाव एस.टी.डी.चे पिवळे फलक लागले, मोबाइल आले. सेवेच्या अखेरीस मी रत्नागिरी जिल्ह्याच्या रस्त्याकडेने काचेचे धागे जोडत फिरत होतो. २०१८ साली निवृत्त होऊन अंजनवेलला परतलो. संपादक मंडळाने ‘इंटरनेट आणि ग्रामीण विकास’ हा विषय दिला, तो बहुधा या नोकरीमुळेच. विषय राज्याएवढा आहे. मी लिहिणार आहे ते मात्र खाडीकाठच्या एका टोकावर उभे राहून.

सरकारने या कामी हात आखडता घेतला, असे कोणाला म्हणता येणार नाही. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. तिलाच पुढे ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. महाराष्ट्राने दुसऱ्या टप्प्यातील आपला वाटा ‘महानेट’ या नावाने राज्याच्या माहिती तंत्रज्ञान महामंडळाकडे सोपवला. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित कार्यक्रमासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. हा पैसा आकाशातून पडत नाही. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून सार्वत्रिक सेवेसाठी जो अंश कापला जातो, त्यातून हा निधी उभा राहिला. म्हणजे आपण भरलेल्या प्रत्येक मोबाइल बिलात अंजनवेलच्या तारेचा एखादा पैसा आहे.

या खर्चामागे एक आकडा नेहमी सांगितला जातो. जागतिक बँकेच्या २००९ च्या अहवालात असे मांडले होते की, विकसनशील देशांत दर शंभर माणसांमागे ब्रॉडबँडच्या दहा जोडण्या वाढल्या, तर आर्थिक वाढीचा दर १.३८ टक्क्याने उंचावतो. इंटरनेटमुळे संपत्ती येते की संपत्ती असते तेथे इंटरनेट जाते, हा वाद अर्थशास्त्रज्ञांचा. मला त्या वाक्यातला ‘जोडण्या’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. ती आकडेवारी माणसांच्या घरातील जोडण्यांची आहे, रस्त्याकडेला पुरलेल्या किलोमीटरची नाही. आणि किलोमीटर मोजायचे की घरे मोजायची, या प्रश्नाचे उत्तर आमच्या गावाने एकदा फार महागात ऐकले आहे.

वाशिष्ठीच्या मुखाशी, दाभोळ खाडीच्या दक्षिण तीरावर अंजनवेल आहे. गोपाळगडाची तटबंदी, टाळकेश्वराचे देऊळ आणि दीपगृह हे आमचे वैभव. १९९२ साली एन्रॉन नावाच्या अमेरिकन कंपनीशी राज्याचा सामंजस्य करार झाला आणि अंजनवेल, वेलदूर, रानवी या परिसरातील सड्यावर देशातील एक अतिप्रचंड वीजप्रकल्प उभा राहू लागला. कंपनीचे नाव दाभोळ पॉवर, पण दाभोळ खाडीच्या पलीकडे. जमीन गेली ती अलीकडची. लोकांनी विरोध केला. जून १९९७ मध्ये वेलदूरच्या कोळीवाड्यात पोलीस शिरले. त्या काळातील अटका आणि लाठीमार यांवर ॲम्नेस्टी आणि ह्यूमन राइट्स वॉच या आंतरराष्ट्रीय संघटनांनी अहवाल लिहिले. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. दोन वर्षांत तो बंद पडला. डिसेंबर २००१ मध्ये खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. पुढे २००५ साली एन.टी.पी.सी. आणि गेल यांनी स्थापन केलेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे प्रकल्प आला.

हा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, तरीही त्यातील करारापाशी थोडे थांबतो. वीज मंडळाने कंपनीला पैसे द्यायचे होते ते केवळ घेतलेल्या विजेचे नव्हेत. प्रकल्पात वीज निर्माण करण्याची क्षमता सज्ज आहे, एवढ्याकरिताच मोठी स्थिर आकारणी होती, आणि तीही बव्हंशी डॉलरशी बांधलेली. परिणाम असा की, मंडळ जितकी कमी वीज उचली, तितकी दर युनिटची किंमत चढत जाई. प्रकल्प ‘सज्ज’ होता, राज्य कर्जात होते. पुढे राज्यभर भारनियमन सुरू झाले तेव्हा त्याच प्रकल्पाच्या कुंपणालगतच्या वाड्यांत आम्ही रॉकेलची चिमणी शोधत होतो.

जाता जाता आणखी एक गोष्ट. आमच्या सड्यावर विजेचा हा खेळ चालला असताना तीच कंपनी अमेरिकेत ब्रॉडबँडचा धंदा मांडून बसली होती. विजेसारखीच तारांमधली क्षमता बाजारात विकायची, अशी ती कल्पना. जुलै २००० मध्ये घरोघरी तारेवरून चित्रपट पोहोचवण्याचा गाजावाजा करून करार केला आणि मार्च २००१ मध्ये तो मोडला. तारा होत्या, गिऱ्हाईक नव्हते. अंजनवेलच्या माणसाने हे वाचावे आणि हसू नये, हे कठीण आहे.

आता भारतनेटच्या अहवालांकडे पाहा. त्यांतही एक शब्द वारंवार येतो. ग्रामपंचायत ‘सेवेसाठी सज्ज’. देशात अशा सज्ज पंचायतींची संख्या दोन लाखांच्या पुढे गेली आहे. सज्ज म्हणजे काय? तालुक्यापासून पंचायतीच्या कार्यालयापर्यंत काचेचा धागा आला, भिंतीवर पेटी बसली, चाचणीत प्रकाश दिसला. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत अशा पेट्या मी कितीतरी पाहिल्या. दुसऱ्या एका तालुक्यातील कार्यालयात गेलो तेव्हा पेटीचे बटण बंद होते. मी विचारले, तर शिपाई म्हणाला, ‘काका, तिचा बारीकसा आवाज येतो आणि वीजबिल पंचायतीला पडतं. साहेब पाहणीला येतात तेव्हा लावतो.’ त्या माणसाला मी दोष देत नाही. ती पेटी चालू राहिल्याने त्याच्या गावात कोणाचे काहीही चालत नव्हते. पंचायतीचे कार्यालय गावठाणात, सायंकाळी कुलूपबंद, आणि पेटीतून पुढे कोणत्याही घराकडे एकही तार निघालेली नव्हती.

कोकणातील गाव म्हणजे एक वस्ती नसते, हे घाटावरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. आठ-दहा वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या असतात. एका वाडीतून दुसरीत जायचे तर वहाळ ओलांडावा लागतो. आपली वाडी बहुतेक ठिकाणी अगदी कडेला. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगला निर्णय. नावे बदलली तरी वाडी गावठाणापासून होती तेवढ्याच अंतरावर आहे, आणि तार ओढणारा ठेकेदार अंतर मोजून पैसे मागतो.

तुलना जपून करावी लागते, तरीही या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ती केल्यावाचून राहवत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपल्या हद्दीतील तळी खुली केल्याचा ठराव केला. कागदावर चवदार तळे तेव्हापासून ‘सज्ज’ होते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तेथे ओंजळ भरली, तोवर आपल्या कोणाच्या घशात त्यातला थेंब गेला नव्हता. आज तारेच्या आड कोणी काठी घेऊन उभे नाही. मात्र ठराव झाला म्हणजे पाणी मिळाले असे समजणारी वहीतली रीत तीच आहे.

तार पुढे का जात नाही, याची कारणे अगदी साधी आहेत. नियमाप्रमाणे केबल सुमारे १.६५ मीटर खोल पुरायची. आमच्याकडे चार बोटे मातीखाली जांभा लागतो. यंत्राला तो फोडायला वेळ लागतो, ठेकेदाराला घाई असते, मग कुठे दोन फूट, कुठे एक फूट, कुठे नुसती गटाराच्या कडेने. पुढच्या वर्षी रस्ता रुंद होतो, जे.सी.बी.चा दात लागतो आणि मागच्या सगळ्या पंचायती एकदम अंधारात जातात. कारण मार्ग एकेरी असतो. दुहेरी कडे असते तर एकीकडे तुटल्यावर प्रकाश दुसरीकडून फिरून आला असता. खांबांवरून केबल नेणे स्वस्त, पण ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात दापोली-मंडणगडकडे खांबच झोपले आणि त्यांच्याबरोबर केबलही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवले, तेव्हा नदीच्या मुखाशी बसून आम्हांला चिपळूणच्या नातेवाइकांचा आवाज ऐकू येत नव्हता. खाडीत वाहून येणारा गाळ आणि भांडीकुंडी मात्र दिसत होती.

त्यात भर माणसांची. जानेवारी २०२० च्या अखेरीस भारत संचार निगमचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. संस्थेच्या हिशेबाला तो उपाय आवश्यक असेलही. पण कोणत्या मोरीखाली जोड आहे, कोणत्या वडाजवळ केबलने वळण घेतले आहे, हे नकाशात नसते; लाइनमनच्या डोक्यात असते. नवा मुलगा यंत्र लावून तुटीचे अंतर काढतो, इथून सात किलोमीटर तीनशे मीटर. रस्ता नागमोडी, केबलची जादा गुंडाळी मध्ये कुठे कुठे पुरलेली. मग तो तीनशे मीटरच्या पट्ट्यात दिवसभर खणत बसतो. मला अजूनही असे फोन येतात. मी सांगतो, ‘मोरीच्या वरच्या अंगाला बघ, बाळा.’

मग एवढा आटापिटा कशासाठी? मोबाइल आहेच की, असे लोक म्हणतात. आमच्या वाडीत मोबाइलची रेंज दोन ठिकाणी येते. एक विहिरीच्या कठड्यावर, दुसरी गडाकडे चढताना एका वळणावर. दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतणीच्या मुलीला बारावीनंतर महाविद्यालयात प्रवेश मिळाला. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज आता महाडीबीटीवरच भरावा लागतो. अर्ज भरताना मोबाइलवर जो सांकेतिक क्रमांक येतो, तो काही मिनिटांतच बाद होतो. फोन वळणावर न्यावा तर कागदपत्रांचा संच घरी, आणि आईच्या आधारला जोडलेला दुसरा फोन आईबरोबर काजूच्या बागेत. तीन संध्याकाळी ती त्या वळणावर बसली. चौथ्या दिवशी मायलेकी एस.टी.ने गुहागरला गेल्या. आईची एक दिवसाची मजुरी बुडाली, तिथल्या केंद्रात रांग लागली, आणि अर्ज मुदत संपायला एक दिवस असताना दाखल झाला. ‘आजोबा, शिष्यवृत्ती आपली, मग ती मिळवायला एवढा खर्च का?’ असे तिने विचारले. तिच्यासारख्या मुलांसाठी बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह उघडले. गावापासून शाळा दूर होती, म्हणून मुलांना शाळेजवळ नेले. आज शाळेइतकीच दूर ती खिडकी गेली आहे जिच्यातून शिष्यवृत्ती, सातबारा, पीकपाहणी, प्रवेशपरीक्षा आणि रेशनचा अंगठा, सारे काही मिळते. कार्यालयांनी कागद बंद केला, ते ठीक. पण ज्याच्या घरी तार नाही, त्याचे दार त्याबरोबरच बंद झाले. आर्थिक वाढीच्या चर्चेत मला हा हिशेब कुठे दिसत नाही. बुडालेल्या मजुरीचा दिवस कोणत्याच अहवालात जमेस धरत नाहीत.

वाढ होत नाही असे नाही. केरळच्या उत्तर किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल आले, तेव्हा रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने मासळीबाजारांचा अभ्यास केला होता. मच्छीमार समुद्रातूनच बंदरांतले भाव विचारू लागले. न विकल्याने फेकून द्यावी लागणारी मासळी जवळजवळ संपली, मच्छीमारांचा नफा सुमारे आठ टक्के वाढला, आणि गिऱ्हाइकाला मासळी चार टक्के स्वस्त मिळाली. दोघांचाही फायदा! वेलदूरच्या बंदरावर हे मी सांगितले, तेव्हा एक वयस्क तांडेल म्हणाला, ‘भाव कळून काय, बर्फ कुठाय?’ त्याचेही खरे. पण त्याचा मुलगा हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून येणारी मासळीच्या पट्ट्याची आणि वादळाची सूचना पाहूनच होडी काढतो. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या भागातले दोन-तीन तरुण वाशीच्या दलालाकडे न जाता पुण्याच्या गृहसंकुलांत थेट पेट्या पाठवतात. बागेत उभे राहून चित्रफीत दाखवतात, आगाऊ पैसे घेतात. त्यांच्या बागा तार पोहोचलेल्या वाडीत आहेत. पलीकडच्या वाडीतला आंबा तसाच गोड, पण तो दलालाच्या भावाने जातो.

केरळने जून २०२३ मध्ये ‘के-फोन’ हे स्वतःचे जाळे सुरू केले. तार विजेच्या खांबांवरून नेली आणि वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट पहिल्यापासून लिहून ठेवले. उद्दिष्ट पूर्ण होण्यास वेळ लागतो आहे, अडचणीही आहेत. पण तेथे मोजायची वस्तू कुटुंब आहे. महाराष्ट्राच्या तक्त्यात ‘सज्ज पंचायती’च्या शेजारी ‘मागील महिन्यात वापर झालेली घरे’ असा एकच रकाना वाढवला, तरी पुष्कळ पेट्यांची बटणे सुरू होतील, असे माझे अनुभवाचे मत आहे.

तोवर थांबायचे का, असा प्रश्न वाडीच्या बैठकीत निघाला. डिसेंबर २०२० पासून केंद्राच्या ‘पीएम-वाणी’ योजनेनुसार किराणा दुकानदारालाही परवान्याशिवाय वाय-फाय वाटता येते. आम्ही दुकानदार नव्हे. आमच्याजवळ समाजमंदिर होते. गेल्या डिसेंबरात एका स्थानिक केबलवाल्याकडून रीतसर जोडणी घेतली. मुख्य रस्त्यापासून समाजमंदिरापर्यंत सुमारे अकराशे मीटर धागा, पोफळीच्या बागांच्या कडेने, मालकांची लेखी परवानगी घेऊन. चर वाडीतल्या पोरांनी खणला, जोड मी केले. वयोमानाने डोळ्यांना त्रास होतो, पण केसाएवढी काच अजून दिसते. मुंबईचा एक माजी विद्यार्थी दोन जुने संगणक घेऊन आला. सायंकाळी सहा ते नऊ अभ्यास आणि अर्ज, त्यानंतर बाकीचे, असा नियम केला आहे. नऊनंतर क्रिकेट पाहणाऱ्यांची गर्दी अभ्यासाच्या वेळेपेक्षा मोठी असते, हेही नमूद करतो. दोन मुले जोड करायला शिकत आहेत. त्यांतल्या एकाने मार्चमध्ये, डंपरने केबल ओढून नेली तेव्हा, मला न बोलावता चार तासांत ती सुरू केली. पहिल्या तीन महिन्यांत तेथून एकवीस शिष्यवृत्ती अर्ज, नऊ सातबारे आणि एक पारपत्राचा अर्ज गेला. वही समाजमंदिरातच ठेवली आहे, कोणीही पाहावी.

बिल दर महिन्याच्या पाच तारखेस भरावे लागते. जूनपर्यंतचे मुंबई मंडळाने भरले आहे. जुलैपासून घरटी वर्गणी काढायची की मंडळानेच पुढे चालवायचे, यावर दोन मते आहेत. त्यासाठीची बैठक येत्या बुद्ध पौर्णिमेला, वंदनेनंतर, समाजमंदिरात ठेवली आहे. ज्यांना येणे शक्य नाही त्यांना पडद्यावरून सामील होता येईल, अशी व्यवस्था त्या दोन मुलांनी केली आहे.